खड्यांसाठी पिशवी काढली, अहवालात लिम्फोमा आला

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

पित्ताशयात सुरू होणारा लिम्फोमा इतका विरळ आहे की मोठमोठ्या सर्जननाही आयुष्यात एखाद-दुसराच रुग्ण दिसतो. म्हणून या निदानाचा कागद हातात पडला की घरचेच काय, डॉक्टरही गोंधळतात. आलेल्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांना पॅथॉलॉजी आणि कर्करोग-औषधोपचार या दोन शाखांच्या डॉक्टरांनी मिळून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आईचं वय ६१. उजव्या बरगडीखाली दुखायचं, सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आता रिपोर्टमध्ये 'डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा' असं आलंय. सर्जन म्हणतात, पित्ताशयाचा कॅन्सर आहे, पुन्हा पोट उघडून यकृताचा थोडा भाग काढावा लागेल. नात्यातले एक डॉक्टर म्हणतात, घाई करू नका. कुणाचं ऐकायचं? – एक वाचक, सातारा

उत्तर : नात्यातल्या डॉक्टरांचे ऐका. निदान खरोखर लिम्फोमाचे असेल, तर दुसऱ्या ऑपरेशनची गरज नाही.

पित्ताशयाचा नेहमीचा कॅन्सर म्हणजे अॅडिनोकार्सिनोमा. तो पिशवीच्या आतल्या अस्तरातून उगवतो आणि भिंत पोखरत शेजारच्या यकृतात शिरतो. तो भिंतीच्या स्नायूच्या थरापर्यंत किंवा त्यापलीकडे गेलेला असला, तर यकृताचा लगतचा भाग (सर्जनच्या भाषेत सेगमेंट ४ बी आणि ५) आणि आसपासच्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढाव्या लागतात. तुमच्या सर्जनच्या मनात हाच कॅन्सर असणार, कारण उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, तो बराच आढळतो आणि सर्जरीच्या शिक्षणात त्याच्यावर भर असतो.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा आजार. पित्ताशयाच्या एकूण घातक गाठींत त्याचे प्रमाण हजारात एक-दोन एवढेच. या पेशी रक्तातून आणि लसिकावाहिन्यांतून शरीरभर फिरत असतात, त्यामुळे उपचारही शरीरभर पोचणारा लागतो. पिशवी गेली, निदानापुरता भरपूर नमुना मिळाला, सर्जरीचे काम तिथे संपले. यकृताचा तुकडा काढून आजार आटोक्यात येण्याची शक्यता वाढत नाही. उलट जखम भरेपर्यंत किमोथेरपी लांबते, आणि या प्रकारचा लिम्फोमा वेगाने वाढतो.

मात्र दोन गोष्टी आधी पक्क्या करून घ्या. पहिली, हा कमी विकसित पेशींचा कार्सिनोमा तर नाही? साध्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइडवर दोन्ही सारखे दिसू शकतात. रिपोर्टमध्ये इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवरची खुणेची प्रथिने रंगवून ओळखण्याची चाचणी) असा भाग शोधा. तिथे सीडी४५ आणि सीडी२० (लिम्फोसाइटच्या खुणा) पॉझिटिव्ह, सायटोकेरॅटिन (अस्तराच्या पेशींची खूण) निगेटिव्ह असेल तर लिम्फोमाच्या निदानाला आधार आहे. हा भागच नसेल तर निदान अर्धवट आहे असे समजा. दुसरी, आजार पित्ताशयात सुरू झाला आहे की दुसरीकडून तिथे आला आहे? पसरलेला लिम्फोमा पित्ताशयात उतरणे हे तिथे पहिल्यांदा सुरू होण्यापेक्षा जास्त वेळा घडते. १९६१ मध्ये डॉसन आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या लिम्फोमासाठी घातलेल्या अटी आजही इथे लावल्या जातात: काखेत-जांघेत-मानेत हाताला लागणाऱ्या गाठी नसाव्यात, छातीच्या मध्यभागी ग्रंथी सुजलेल्या नसाव्यात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठीक असाव्यात, यकृत आणि प्लीहा मोकळे असावेत. आता हे काम पेट-सीटी, म्हणजे आजाराच्या जागा शरीरभर चमकवून दाखवणारे स्कॅन, करते.

खड्यांबद्दल एक वाक्य. निरोगी पित्ताशयाच्या भिंतीत लिम्फोसाइट जवळपास नसतातच. खडे आणि जंतुसंसर्ग यांच्या वर्षानुवर्षांच्या दाहामुळे ते तिथे जमतात, आणि त्यांतून क्वचित लिम्फोमा उद्भवतो असे मानले जाते. पण खडे लाखो लोकांना असतात, म्हणून त्रास न देणारे खडे लिम्फोमाच्या भीतीने काढून टाकायला जाऊ नये.

प्रश्न : सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत ६ मिलिमीटर जाड आली. खडा नाही. इंटरनेटवर वाचल्यापासून झोप उडालीय. – एक वाचक, ठाणे

उत्तर : पोट रिकामे ठेवून केली होती का सोनोग्राफी? जेवण झाले की पिशवी आकसते आणि भिंत जाड दिसते. किमान ६ तास उपाशी राहून केलेल्या तपासणीत ३ मिलिमीटरपर्यंत भिंत सामान्य धरतात.

त्यावर गेली तरी पहिल्यांदा साध्या कारणांकडे बघायचे. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे सर्वांत आधी डेंग्यू. त्यात भिंत ६-८ मिलिमीटर सुजणे अगदी नेहमीचे आहे आणि ताप उतरल्यावर ती आपोआप पूर्ववत होते. मग 'अ' किंवा 'ब' प्रकारची हिपॅटायटिस (विषाणूंची कावीळ), सिरोसिस, रक्तातले अल्ब्युमिन कमी होणे, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार. यांत सूज सगळीकडे सारखी असते. भिंत एकाच बाजूला जाड, वेडीवाकडी, शेजारच्या यकृतापासून वेगळी न दिसणारी, किंवा आत उगवलेला गोळा असेल, तरच सीटी किंवा एमआरआयची पुढची पायरी. बाकीच्यांनी मूळ आजार बरा झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी.

प्रश्न : वडिलांना कावीळ झाली. सीटीमध्ये पित्ताशयात मोठा गोळा आणि पोटात बऱ्याच गाठी. एक डॉक्टर सुई घालून तुकडा घ्या म्हणतात, दुसरे म्हणतात सुई अजिबात घालू नका, थेट ऑपरेशन. तिसऱ्यांनी खाज आणि अशक्तपणासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यात. – एक वाचक, लातूर

उत्तर : स्टेरॉइड सुरू केले असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून तपासणीसाठी तुकडा घेऊन होईपर्यंत ते थांबवता येईल का, हे विचारा. बरेच दिवस चालू असेल तर परस्पर बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसे कमी करा. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने भराभर मरतात. चार-पाच दिवसांत गोळा लहान होतो, घरच्यांना वाटते गुण आला, आणि मग घेतलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशी आणि दाह एवढेच सापडते. निदान हातचे जाते. काही आठवड्यांनी आजार परत उसळतो, तेव्हा सगळे पहिल्यापासून.

सुईबद्दल दोघेही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. ऑपरेशनने पूर्ण निघण्याजोगा कार्सिनोमा वाटत असेल, तर बाहेरून सुई घालत नाहीत, कारण पित्त गळू शकते आणि सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी पेरल्या जाऊ शकतात. अशा वेळी थेट ऑपरेशन करून टेबलावरच फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून लगेच तपासणे) करणे शहाणपणाचे. पॅथॉलॉजिस्टने पंधरा-वीस मिनिटांत 'लिम्फोमासारखे दिसते' असे कळवले, तर सर्जनने यकृताला हात न लावता पिशवीपुरते थांबावे आणि एखादी ग्रंथी पूर्ण काढून द्यावी.

तुमच्या वडिलांचे चित्र वेगळे आहे. पोटात अनेक गाठी असतील तर कार्सिनोमा असला तरी तो ऑपरेशनने पूर्ण निघणार नाही. म्हणजे सुई टाळण्याचे कारणच उरत नाही. मग सर्वांत सोप्या जागेतून तुकडा घ्यायचा. मानेत किंवा काखेत गाठ असेल तर ती अख्खी काढणे उत्तम. नसेल तर सीटीच्या किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या मदतीने कोअर बायोप्सी, म्हणजे बारीक शलाकेसारखा अख्खा तुकडा. एफएनएसीवर (बारीक सुईने पेशी ओढून घेण्यावर) समाधान मानू नका. त्यात सुट्या पेशी मिळतात, पण त्या उतीत कशा रचलेल्या आहेत ते कळत नाही, आणि लिम्फोमाचा प्रकार ठरवायला ती रचनाच लागते. काविळीसाठी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करणे) करताना ब्रशने घेतलेल्या पेशींचेही तेच.

सीटी-एमआरआय पाहून अंदाज बांधता येतो, एवढेच. लिम्फोमा अस्तराच्या खाली वाढतो, म्हणून आतली अस्तराची रेघ बरेचदा शाबूत दिसते. भिंत जाड असूनही पित्तनलिका फारशी अडलेली नसते आणि ग्रंथी मोठाल्या, एकजिनसी असतात. कार्सिनोमात अस्तर तुटलेले दिसते. झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस नावाचा दाह या दोघांचीही हुबेहूब नक्कल करतो, म्हणून फिल्मवर विसंबून उपचार ठरवू नयेत.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी सर्जन आहे. आमच्याकडे पॅथॉलॉजिस्ट नाही. पित्ताशय काढल्यावर ते नातेवाइकांना दाखवून बाटलीत भरून जिल्ह्याला पाठवतो. दोनदा 'नमुना खराब झाला आहे' असा शेरा आला. चूक कुठे होते? – एक वाचक, मराठवाडा

उत्तर : बहुधा तीन ठिकाणी, आणि तिन्ही सहज सुधारता येतात.

एक, पिशवी बंद ठेवून फॉर्मॅलिनमध्ये टाकली जाते. आतले पित्त स्वतःच्याच अस्तराला विरघळवत राहते आणि फॉर्मॅलिन बाहेरून आत पोचायला वेळ लागतो. ते तासाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने झिरपते. पिशवी ओट्यावरच यकृताच्या विरुद्ध बाजूने, तळापासून मानेपर्यंत उभी चिरा. यकृताला चिकटलेली बाजू चिरू नका, तिथली कड पॅथॉलॉजिस्टला तपासायची असते. खडे बाहेर काढा, हवे तर नातेवाइकांना द्या. अस्तर सलाइनच्या हलक्या धारेने धुवा, गॉजने पुसू नका. हाताने भिंत चाचपा. कुठे गाठ किंवा पांढरट-मांसल, माशाच्या मांसासारखी जाडी लागली तर तिथे धागा बांधून खूण करा आणि फॉर्मवर तसे लिहा.

दोन, फॉर्मॅलिन कमी पडते किंवा चुकीचे असते. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन हवे आणि ते नमुन्याच्या किमान दहापट. पित्ताशयाला ५०० मिलिलिटरची रुंद तोंडाची बरणी लागते. सलाइनच्या रिकाम्या बाटलीच्या अरुंद तोंडातून कोंबलेली पिशवी आत कडक होते आणि मग बाहेर काढताना फाटते. बफर नसलेले, जुने फॉर्मॅलिन आम्लधर्मी होते, आणि त्यात इम्युनोच्या चाचण्या बिघडतात. स्पिरिट किंवा सलाइनमध्ये नमुना पाठवणे म्हणजे न पाठवण्यासारखेच.

तीन, वेळ. पोट बंद होईपर्यंत, जेवण होईपर्यंत, नातेवाईक येईपर्यंत पिशवी ट्रेमध्ये पडून राहते. अर्ध्या तासात ती फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. दाखवायची असेल तर बरणीतूनच दाखवा. पुढे ६ ते ७२ तासांत तिच्यावर प्रयोगशाळेत प्रक्रिया व्हावी. आठवडाभर फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या उतीवर सीडीच्या चाचण्या कमकुवत येतात. शनिवारी ऑपरेशन आणि बुधवारी गाडी, असे वेळापत्रक असेल तर ते बदला.

आणि ऑपरेशनमध्येच लिम्फोमाची शंका आली तर ताज्या उतीचा १ सेंटिमीटरचा तुकडा सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये वेगळा ठेवून, आधी फोन करून, लगेच मोठ्या केंद्राकडे पाठवता येतो. फ्लो सायटोमेट्री या पेशी ओळखण्याच्या चाचणीसाठी जिवंत पेशी लागतात. लगेच पाठवणे शक्य नसेल तर या फंदात पडू नका, सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्येच टाका.

काही ठिकाणी 'खड्यांचीच पिशवी आहे' म्हणून नमुना पाठवतच नाहीत, किंवा बरणी नातेवाइकांच्या हाती देऊन विषय संपवतात. आम्हाला हे मान्य नाही. भिंत जाड नाही, अस्तर गुळगुळीत आहे, असे ओट्यावर वाटले तरी प्रत्येक पित्ताशय तपासणीला गेले पाहिजे.

प्रश्न : एका लॅबने 'मार्जिनल झोन लिम्फोमा, माल्ट प्रकार' म्हटलं. दुसऱ्या लॅबने त्याच स्लाइडवर 'क्रॉनिक फॉलिक्युलर कोलेसिस्टायटिस' म्हणजे साधा दाह म्हटलं. दोन मतं कशी? तिसरं कुठे आणि कसं घ्यायचं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : हा या विषयातला सर्वांत कठीण भाग आहे, त्यामुळे मतभेद झाला म्हणून कोणत्याही लॅबला नावे ठेवू नका. दीर्घ दाहात पित्ताशयाच्या भिंतीत लिम्फोसाइटचे गोल पुंजके, म्हणजे फॉलिकल, तयार होतात. माल्ट हा बी-पेशींचा संथ लिम्फोमाही अशाच पुंजक्यांच्या भोवती, लहान आणि दिसायला निरुपद्रवी पेशींनी सुरू होतो.

फरक करण्यासाठी पॅथॉलॉजिस्ट काय पाहतो? पेशी पुंजक्याच्या बाहेर पसरून अस्तराच्या ग्रंथींमध्ये घुसल्या आहेत का. बी-पेशींचे, म्हणजे सीडी२० पॉझिटिव्ह पेशींचे सलग पट्टे आहेत का. दाहात सीडी३ वाल्या टी-पेशी त्यांच्यात मिसळलेल्या असतात. माल्टच्या पेशी सीडी५, सीडी१० आणि सायक्लिन डी१ निगेटिव्ह असतात. यांतले काही पॉझिटिव्ह आले तर मँटल सेल किंवा फॉलिक्युलर लिम्फोमाचा विचार करावा लागतो. बीसीएल२ या आणखी एका खुणेची मदत मोठी असते: दाहातल्या फॉलिकलच्या मध्यभागी ते निगेटिव्ह असते, फॉलिक्युलर लिम्फोमात बहुधा पॉझिटिव्ह. एवढे करूनही शंका राहिली तर कापा-लॅम्डा आणि पीसीआर या चाचण्यांनी क्लोनॅलिटी, म्हणजे पेशी एकाच वंशाच्या आहेत का, ते पाहतात. सगळ्या पेशी एकाच पेशीची प्रजा असतील तर लिम्फोमाकडे कल, सरमिसळ असेल तर दाहाकडे. क्लोनॅलिटी एकटीवर मात्र निदान करत नाहीत, कारण जोरदार दाहातही कधीकधी एकच वंश वर दिसतो.

तिसऱ्या मतासाठी रुग्णाने प्रवास करायची गरज नाही, नमुना गेला पाहिजे. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात, किंवा रक्त-लिम्फोमाचे वेगळे पॅथॉलॉजिस्ट आहेत अशा कोणत्याही संस्थेत, बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासून देतात. सोबत न्यायचे: रंगवलेल्या सर्व स्लाइड, नमुन्याचे तुकडे बसवलेले मेणाचे सर्व ब्लॉक ('मुख्य' वाटणारा एकच नव्हे), दोन्ही लॅबचे मूळ रिपोर्ट, ऑपरेशनची टीप, सीटी किंवा एमआरआयची सीडी. लॅब ब्लॉक द्यायला तयार नसेल तर चार्ज्ड स्लाइडवर ४ मायक्रॉन जाडीच्या न रंगवलेल्या १५ पट्ट्या मागा. नुसत्या रंगवलेल्या स्लाइड घेऊन गेलात तर नवीन चाचणी करता येत नाही आणि परत फेरी पडते.

नागपूरकरांना मुद्दाम सांगायचे: ब्लॉक मेणाचे असतात. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले ब्लॉक मऊ पडतात. सावलीत, हातातल्या पिशवीत न्या. फ्रिझरमध्ये ठेवू नका, मेणाला तडे जातात. ब्लॉक देताना लॅबकडून क्रमांकासह पोच घ्या आणि काम झाल्यावर ते परत आणा. वर्षांनंतर आजार उलटला तर तुलना त्यांच्याशीच होते.

प्रश्न : पित्ताशय निघालं, तरी पेट-सीटी आणि हाडाच्या मगजाची तपासणी कशाला? खर्च वाढवण्यासाठी? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आजार एका जागी आहे की चार, यावर सगळा उपचार फिरतो. फक्त पित्ताशय असेल तर पहिला टप्पा. शेजारच्या ग्रंथीही असतील तर दुसरा. मगज किंवा यकृतात पसरला असेल तर चौथा. इथे कार्सिनोमासारखी टीएनएम (गाठ, ग्रंथी, पसरणे यांची) मोजणी लागू होत नाही.

पेट-सीटीला जाताना ६ तास उपाशी, पाणी चालते. रक्तातली साखर २०० च्या खाली हवी. मधुमेह असेल तर मेटफॉर्मिनच्या गोळीबद्दल आधी विचारा, तिच्यामुळे आतडी उगाच चमकतात. ऑपरेशननंतर लगेच केलेल्या पेटमध्ये जखमेची जागाही चमकते, म्हणून साधारण चार आठवडे जाऊ द्यावेत. आजार वेगवान असेल तर मात्र डॉक्टर थांबणार नाहीत. मोठ्या पेशींचा लिम्फोमा पेटमध्ये झगझगीत दिसतो. माल्ट कधी कधी दिसतच नाही, त्यामुळे त्यात मगजाची बायोप्सी आणि जठराची एंडोस्कोपी जास्त उपयोगी. रक्तात एलडीएच (आजाराचा जोर दाखवणारे एन्झाइम), हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासतात. हिपॅटायटिस सीचा मार्जिनल झोन लिम्फोमाशी संबंध आहे, आणि काही रुग्णांत तो विषाणू औषधांनी घालवल्यावर लिम्फोमाही ओसरतो.

प्रश्न : पतीला आर-चॉप सांगितलं आहे. सहा वेळा. प्रत्येक वेळी काय देतात, घरी काय सांभाळायचं? बिलिरुबिन ३.८ आहे म्हणून अजून सुरू करत नाहीयेत. – एक वाचक, पनवेल

उत्तर : पाच औषधांच्या जुन्या-नव्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून या किमोला हे नाव पडले आहे. मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर ठरते. उंची-वजनावरून तो १.६ चौरस मीटर निघाला असे धरू. रिटुक्सिमॅब ३७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे ६०० मिलिग्रॅम: ५०० ची एक कुपी आणि १०० ची एक. सायक्लोफॉस्फामाइड ७५० च्या हिशेबाने १२०० मिलिग्रॅम. डॉक्सोरुबिसिन ५० च्या हिशेबाने ८०. व्हिन्क्रिस्टिन १.४ च्या हिशेबाने २.२४ येते, पण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. ही चारही पहिल्या दिवशी सलाइनमधून. प्रेडनिसोलोन १०० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस, सकाळी खाल्ल्यावर. पुढची फेरी एकविसाव्या दिवसानंतर. आजार पहिल्या टप्प्यात, गाठ छोटी, वय साठच्या आत आणि एलडीएच ठीक असेल तर चार फेऱ्याही पुरतात. ते डॉक्टरांना विचारा.

बिलिरुबिनमुळे थांबले आहेत ते योग्यच. डॉक्सोरुबिसिन आणि व्हिन्क्रिस्टिन यकृतातून पित्तावाटे बाहेर पडतात. वाट अडलेली असेल तर औषध शरीरात साठते, पांढऱ्या पेशी तळाला जातात, तोंड सोलून निघते. बिलिरुबिन १.२ ते ३ असताना डॉक्सोरुबिसिनची मात्रा निम्मी, ३ ते ५ असताना पाव आणि ५ च्या वर गेल्यास बंद, असा प्रघात आहे. पाव मात्रेने लिम्फोमा बरा होत नाही. म्हणून आधी ईआरसीपी करून स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी) टाकतात, किंवा निदान पक्के झाले असेल तर काही दिवस नुसते प्रेडनिसोलोन देऊन गाठी आकसू देतात. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबतो, म्हणजे ऐन किमोच्या मध्यात. बदलायची तारीख कॅलेंडरवर आजच लिहा. थंडी वाजून ताप आणि पुन्हा पिवळेपणा आला तर आधी स्टेंटवर संशय घ्या.

सुरू करण्यापूर्वी दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत. पहिली इकोकार्डिओग्राफी, डॉक्सोरुबिसिन हृदयाचे स्नायू दुबळे करते, सहा फेऱ्यांत त्याची बेरीज प्रति चौरस मीटर ३०० मिलिग्रॅम होते आणि ४५० ते ५५० च्या पुढे धोका बराच वाढतो. दुसरी हिपॅटायटिस बी, आणि तीही दोन चाचण्यांनी: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी टोटल. लॅबच्या ठरावीक पॅकेजमध्ये पहिलीच असते. जुना, दबलेला विषाणू रिटुक्सिमॅबने जागा होतो आणि त्यातून जीवघेणी कावीळ होऊ शकते. दोन्हींपैकी एक पॉझिटिव्ह आली तर एन्टेकॅविर किंवा टेनोफोविरची गोळी किमोच्या आधीपासून सुरू करून रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर किमान १२ महिने घ्यायची असते. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडणाऱ्यांना सर्वाधिक त्रास होतो.

पहिले रिटुक्सिमॅब सावकाश जाते: तासाला ५० मिलिग्रॅमने सुरुवात, मग दर अर्ध्या तासाला ५० ने वाढवत कमाल ४००. थंडी, अंगावर पित्त उठणे, घशात आवळल्यासारखे वाटणे असे काही झाले तर लगेच नर्सला सांगा. थेंब थांबवून, औषध देऊन, निम्म्या गतीने पुन्हा सुरू करतात. बहुतेकांना दुसऱ्या वेळी त्रास होत नाही. लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन चालू असताना हाताला आग झाली तर 'थोडं सहन करतो' म्हणू नका. ते शिरेबाहेर गळले तर कातडी सडते. त्या दिवशी लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे.

घरी सर्वांत महत्त्वाचे थर्मामीटर. सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोनला असला तरी रुग्णालय गाठा आणि दारातच 'किमो चालू आहे' सांगा; पहिले अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवे. त्या रुग्णालयाचा आणि पोचायच्या वाटेचा विचार पहिल्या फेरीआधीच करून ठेवा. व्हिन्क्रिस्टिनने बोटे बधिर होतात आणि शौचाला कडक होते. पहिल्या दिवसापासून लॅक्ट्युलोज किंवा इसबगोल घ्या. शर्टाची बटणे लावता येईनात तर डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करावी लागते. प्रेडनिसोलोनच्या पाच दिवसांत साखर ३०० च्या पुढे जाऊ शकते, मधुमेहींनी रोज तपासावी.

खाण्याचे फार अवडंबर नको. शिजवलेले, ताजे, घरचे. उघड्यावरचा रस, कच्ची कोशिंबीर, उसाच्या गाड्यावरचा बर्फ एवढे टाळले तरी पुरे.

गुण येण्याबद्दल: मोठ्या पेशींच्या बी-सेल लिम्फोमाचे, सर्व अवयव मिळून, साधारण दहांतले सहा रुग्ण आर-चॉपने कायमचे बरे होतात. पित्ताशयाचा वेगळा आकडा काढण्याइतके रुग्णच जगात नाहीत.

प्रश्न : माझा माल्ट लिम्फोमा होता. पित्ताशय पूर्ण निघालं, बाकी सगळ्या तपासण्या स्वच्छ. डॉक्टर म्हणतात औषध नको, नुसतं लक्ष ठेवू. काहीच न करणं पटत नाही. – एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमच्या डॉक्टरांशी आम्ही सहमत आहोत. माल्ट संथ आजार आहे. वर्षानुवर्षे एका जागी राहतो. ती जागाच काढली गेली आणि दुसरीकडे काही नाही, तर आणखी औषधाने आयुष्य वाढत नाही, दुष्परिणाम मात्र पदरी पडतात. काढलेल्या कडेवर पेशी उरल्या असतील तर त्या जागेला २४ ग्रे इतके सौम्य रेडिएशन १२ बैठकांत देता येते. जठराच्या एंडोस्कोपीत हेलिकोबॅक्टर सापडला तर त्याचे औषध घ्याच. तो जंतू घालवून जठरातला माल्ट अनेकदा जातो, मात्र पित्ताशयाच्या बाबतीत त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी, हिमोग्राम आणि एलडीएच, नंतर वर्षाला एकदा. दरवेळी पेट-सीटी करून घेण्याचा आग्रह धरू नका. रात्री अंथरूण भिजवणारा घाम, सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणे, काखेत-जांघेत दीड-दोन सेंटिमीटरची, न दुखणारी आणि महिनाभर न जाणारी गाठ, एलडीएच अचानक वाढणे यांपैकी काही झाले तर तारखेची वाट न बघता जा. माल्ट क्वचित मोठ्या पेशींच्या प्रकारात बदलतो, आणि तेव्हा पुन्हा तुकडा घ्यावाच लागतो.

प्रश्न : खर्च कसा पेलायचा? आणि 'कार-टी' आमच्यासाठी आहे का? – एक वाचक, धुळे

उत्तर : आर-चॉपमधला महागडा भाग रिटुक्सिमॅब. भारतात २००७ पासून त्याची देशी आवृत्ती मिळते, आता अनेक कंपन्यांची आहे. या देशी औषधांवर अविश्वास नको. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून रेशनकार्ड, आधार, बायोप्सी आणि इम्युनोचा रिपोर्ट द्या, आणि मंजूर होणाऱ्या पॅकेजमध्ये रिटुक्सिमॅब धरले आहे का, हे पहिल्या दिवशीच स्पष्ट विचारा. आधी किमो सुरू करून मग मंजुरी मागितली तर मागचे पैसे अडकतात.

कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून आजाराशी लढायला परत देणे, पहिल्या उपचारासाठी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली, ती नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या बी-पेशींच्या आजारांसाठी. त्याची वेळ न येवो, पण आली तर पहिल्या तुकड्याचे ब्लॉक तिथेही मागतील.

प्रश्न : किमोसोबत यकृत चांगलं राहावं म्हणून गुळवेलीचा काढा आणि खडे पाडायचं तेल-लिंबू चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही नको. गुळवेलीने यकृताला झालेल्या इजेचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. किमोच्या काळात यकृताचे एन्झाइम वाढले तर दोष औषधाचा की काढ्याचा, हे कळत नाही आणि पुढची फेरी अडकते. तेल-लिंबूने पडतात ते हिरवे गोळे तेलाचे साबणासारखे झालेले गोळे असतात; आणि पित्ताशय काढलेल्या माणसाने खडे पाडायचे तरी कुठून? आधीच काही घेत असाल तर बाटलीच्या लेबलचा फोटो काढून पुढच्या फेरीआधी डॉक्टरांना दाखवा.